वन्समोअर आणि समोरची

"लग्नाला दुसरा फोटोग्राफर घेऊ या का?" असं बायकोने विचारलं तेव्हा वन्समोअर दाढी करत होता. प्रश्न साधा होता, आवाजही साधा होता, तरी हनुवटीवर ब्लेड लागलंच. कापसाचा बोळा हनुवटीला चिकटवून तो बाथरूममधून बाहेर आला आणि जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाला, "दुसरा कशाला? पहिला मेलाय का?"

"पहिला मुलीचा बाप आहे," बायको म्हणाली आणि इस्त्री तापली का ते बोटाने बघू लागली.

वन्समोअर हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवरून ते उन्हाने उडालं आणि लोकांच्या तोंडून त्याच्याही आधी उडालं. तो लग्नांचे फोटो काढायचा. अंगठी घालायची वेळ आली की आपलं प्लॅस्टिकचं स्टूल बरोब्बर मधोमध ठेवून त्यावर चढायचा, डावा डोळा करकचून मिटायचा, बटण दाबायचा आणि सगळा हॉल दचकेल अशा आवाजात ओरडायचा, "वन्स मोअर!" मग नवरा-नवरी बिचारी बोटातली अंगठी ओढून काढायची आणि पुन्हा पहिल्यापासून घालायची. एका नवऱ्या मुलाने तर वैतागून विचारलं होतं, "काका, मी नक्की कितव्यांदा लग्न करतोय, तेवढं सांगा."

पण वन्समोअर बधणारा नव्हता. त्याचं म्हणणं असं, की पहिल्यांदा काहीच धड होत नाही. कुणाचे डोळे मिटलेले असतात, कुणाचा कोपर मध्ये येतो, कुणाच्या नाकावर घाम असतो. "पहिल्यांदा होतं ते लग्न आणि दुसऱ्यांदा होतो तो फोटो," हे वाक्य तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि ऐकवल्यावर थोडा थांबायचा, कारण कुणीतरी वाहवा करेल अशी त्याला आशा असायची. अजून कुणी केलेली नव्हती.

आता त्याच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. हे फोटो आपणच काढणार, यात विचारण्यासारखं काही आहे असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. उलट तो मनातल्या मनात खूश होता. जन्मभरात पहिल्यांदाच अशी नवरी मिळत होती, जिला हनुवटी किती वळवायची हे सांगावं लागणार नव्हतं. लहानपणापासून त्यानेच तिला शिकवलं होतं. बाळसं, पहिला दात, शाळेचा गणवेश, सायकल, पदवीचा काळा झगा, सगळीकडे तीच हनुवटी, किंचित डावीकडे, आणि तेच हसू. मुलगी गर्दीत कुठेही असली तरी बाप कॅमेरा उचलतोय हे तिला पाठमोरी असतानाही कळायचं.

"अहो, पण तिच्याशेजारी उभं कोण राहणार?" बायकोने इस्त्री फिरवत विचारलं. "साक्षीदार म्हणून सही कोण करणार?"

"मीच. कॅमेरा गळ्यात असेलच. सही करायची, दोन पावलं मागे यायचं आणि सहीचा फोटो काढायचा."

"स्वतःच्या सहीचा?"

"हात तिथेच ठेवून येईन," तो म्हणाला आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं. पण एकदा बोललं की मागे घ्यायचं नाही, ही त्याची जुनी खोड होती. "टायमर लावीन. कॅमेऱ्याला टायमर असतो. तुला माहीत नाही."

त्याच दुपारी टायमरची तालीम झाली. बैठकीच्या खोलीत तिवईवर कॅमेरा लावला. मुलीच्या जागी बायकोला उभं केलं आणि जावयाच्या जागी कपड्यांचा स्टँड. बटण दाबून वन्समोअर धावला. पहिल्या वेळी तो पोचायच्या आत फोटो निघाला, दुसऱ्या वेळी कॅमेऱ्याची वायर पायात आली. तिसऱ्या वेळचा फोटो मात्र स्पष्ट होता. त्यात कपड्यांचा स्टँड उत्तम आला होता, बायको दाराकडे बघत होती, कारण तिला बेल वाजल्यासारखी वाटली, आणि डाव्या कोपऱ्यातून एक पाय हवेत आत येत होता. चपलेसकट.

"जावई छान आलेत," बायको स्टँडकडे बघत म्हणाली.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली. ती बापाच्या वळणावर गेली नव्हती. तिला बोलताना समोरच्याला लागू न देण्याची कला होती. तिने आधी बापाला चहा करून दिला, मग समोर बसली. "बाबा, दुसरा म्हणजे तुमच्या हाताखाली. मुख्य तुम्हीच. त्यांनी आपलं कोपऱ्यातून काढायचं, पाहुणे वगैरे. तुमच्यावरचा ताण कमी होईल."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. घरात कुठली गोष्ट आपल्याशिवाय ठरलेली असते हे ओळखायला नवऱ्याला आणि बापाला फार हुशारी लागत नाही. वन्समोअरनेही ओळखलं. त्याने कप खाली ठेवला.

"समोरची?" तो म्हणाला.

"समोरची," मुलगी म्हणाली.

समोरची म्हणजे रस्त्याच्या पलीकडची फोटोग्राफर. पूर्वी तिथे चपलांचं दुकान होतं. मग एक दिवस काच लागली, आत सोफा आला, कुंड्या आल्या आणि चाळिशीच्या आसपासची एक बाई येऊन बसली. तिलाही नाव होतं, पण वन्समोअरच्या घरात ते कधी उच्चारलं गेलं नाही. आपल्या काउंटरवर बसलं की तिचं दार सरळ दिसायचं, आणि त्यातून आत जाणारी जोडपीही दिसायची. आत जाताना ती जोडपी वन्समोअरच्या पाटीकडे एकदा बघायची, हे त्याला जास्त झोंबायचं.

तिने काचेत लावलेल्या फोटोंत एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. कुणी खिडकीतून बाहेर बघतोय, कुणी बुटाची नाडी बांधतोय, एका फोटोत तर नवरा-नवरी चक्क पाठमोरी चालली होती. वन्समोअर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "यांना कॅमेरा कुठे आहे ते कुणी सांगत नाही वाटतं. आणि पाठीचेच फोटो काढायचे तर मेकअप कशाला करायचा?" हा विनोद त्याने इतक्यांदा केला होता की शेजारचा शिंपी आता तो ऐकायच्या आधीच हसून मोकळा व्हायचा.

अशा बाईला आपल्या मुलीच्या लग्नात, आपल्या हाताखाली का होईना, आणायचं? वन्समोअरने चार दिवस घरात अबोला धरला. घरात कुणाच्या ते लक्षात आलं नाही, हा त्यातला वाईट भाग. कारण तो अबोल्यातही सारखा बोलत होता. एका गाडीला दोन ड्रायव्हर असतात का? दोन फ्लॅश एकमेकांवर आदळले तर? एका लग्नात एकच फोटोग्राफर, हे आपलं तत्त्व आहे. तत्त्व आहे हे त्याला त्या चार दिवसांतच कळलं, पण तेवढ्यात ते बरंच जुनं झालं होतं.

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. त्याला एकच काम येत होतं. त्या दिवशी हॉलमध्ये गळ्यात कॅमेरा नसेल तर आपण नेमके कोण आणि हात कुठे ठेवायचे, हे त्याला माहीत नव्हतं. शेकडो बाप त्याने कॅमेऱ्याच्या काचेतून पाहिले होते. ते स्टेजच्या कडेला भांबावून उभे असायचे, आणि तो त्यांना हाताने बाजूला करून म्हणायचा, "साहेब, जरा फ्रेममधून सरका."

पाचव्या दिवशी त्याला युक्ती सुचली, आणि ती सुचल्यावर आपण किती धूर्त आहोत याचं त्याला कौतुक वाटलं. येत्या रविवारी त्याच्याकडे एक लग्न होतं. समोरचीला त्या लग्नाला दुसरी म्हणून न्यायचं, मग तिचे फोटो आणि आपले फोटो शेजारी ठेवायचे. मायलेकींना दाखवायचं. बुटाच्या नाड्या बघून त्याच नको म्हणतील. बाईला वाईट वाटू नये म्हणून आपण दोन शब्द चांगले बोलू.

रस्ता ओलांडायला त्याला अर्धी सकाळ लागली. दोनदा निघाला आणि दोनदा काहीतरी विसरल्यासारखं करून परत आला. शिंपी दारात उभा राहून बघत होता. शेवटी तो आत गेला, तर समोरची लगबगीने उठली. "या ना काका! आज कसे वाट चुकलात?"

त्याने परीक्षेचं सांगितलं नाही, मदत हवी असं सांगितलं. तिने तारखांची वही नाही काढली, आढेवेढे नाही घेतले. लगेच हो म्हणाली. एवढंच विचारलं, "मी कुठे उभी राहू?"

"मागे," वन्समोअर म्हणाला.

"चालेल. मला मागेच आवडतं."

रविवारचं लग्न एका मोठ्या हॉलमध्ये होतं. खुर्च्या, फुलं, टेबलावर सह्यांचे कागद, सगळं जागच्या जागी. वन्समोअर फॉर्मात होता. आपल्याला कुणी बघतंय म्हटल्यावर त्याचा आवाजही जरा चढा लागला होता. समोरची मागे कुठेतरी मांजराच्या पावलांनी फिरत होती, तिचा कॅमेरा आवाजसुद्धा करत नव्हता, आणि थोड्या वेळाने तो तिला विसरूनच गेला. अंगठीची वेळ आली. स्टूल मधोमध. डावा डोळा बंद. "वन्स मोअर!" सगळे हसले, अंगठी निघाली, अंगठी गेली, फोटो मिळाला. वन्समोअर खाली उतरला तेव्हा निकाल लागल्यातच जमा होता.

दुसऱ्या दिवशी तो चष्मा पुसून तिच्या सोफ्यावर जाऊन बसला. तिने मोठ्या पडद्यावर आधी त्याचे फोटो लावले. लख्ख होते. एकही डोळा मिटलेला नाही, एकही कोपर मध्ये नाही. "काका, तुमच्यासारखं शार्प मला अजून जमत नाही," ती म्हणाली आणि ती खरंच म्हणत होती. वन्समोअरने उदारपणे मान हलवली. मग तिचे सुरू झाले. रिकाम्या खुर्च्या. कुणाचे तरी हात. बुटाची नाडी आली तेव्हा त्याला हसू आवरेना.

पुढचा फोटो आला आणि पडद्यावर नुसती पाठ दिसली.

पाठ चांगलीच ऐसपैस होती. स्टुलावर उभी असल्यामुळे तिच्यापुढे स्टेज, फुलं, नवरा-नवरी सगळं झाकलं गेलं होतं. एका बाजूने शर्ट पँटमधून बाहेर आला होता. मानेवर घामाचा डाग होता आणि डोक्यावर, त्याला वाटत होतं त्याहून बरंच मोठं, टक्कल होतं.

"हा कोण रेडा मध्ये आलाय?" वन्समोअर म्हणाला.

मग त्याने पट्टा ओळखला. वाढदिवसाला मुलीने दिलेला होता.

"बरं," तो म्हणाला. "रेडा ओळखीचा आहे. पुढे चला."

पुढच्या फोटोत तीच पाठ होती, पण आता त्याचं लक्ष पाठीमागच्या बाईकडे गेलं. पहिल्या रांगेत नवरीची आई होती. बारीकशी, निळ्या कपड्यातली. खुर्चीतून अर्धवट उठून ती मान डावीकडे काढून बघायला धडपडत होती. पुढच्या फोटोत तिने मान उजवीकडे काढली होती, आणि पाठही नेमकी उजवीकडे सरकली होती. त्याच्या पुढच्या फोटोत ती खाली बसली होती. मांडीवर हात ठेवून ती त्या पाठीकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. बस चुकल्यावर माणूस बसतो तशी ती बसली होती.

मग एका फोटोत पाठीचा हात वर गेलेला होता. वन्स मोअर. आता कुणीतरी त्या आईला पुढे बोलावलं होतं आणि ती हसून बघत होती. सगळेच हसून बघत होते. मुलीच्या बोटात अंगठी दुसऱ्यांदा चालली होती.

"पहिल्यांदा घातली तेव्हाचा आहे?" वन्समोअरने विचारलं.

होता. समोरची तेवढ्यात बाजूच्या दारापर्यंत पोचली होती. नवऱ्या मुलाने खालचा ओठ दाताखाली धरला होता, अंगठी बोटाच्या पेरावर अडकली होती, आणि मुलगी त्याच्या हाताकडे बघत होती. तिचा चेहरा रडवेला होता की हसरा ते सांगता येत नव्हतं. तिच्या नाकावर घाम होता.

"हे कधी झालं? मी तिथेच होतो."

"तुम्ही स्टूल सरळ करत होतात, काका."

पहिल्यांदा होतं ते लग्न, हे आपणच जन्मभर सांगत आलो. त्या बाईने आपल्या मुलीचं लग्न पाहिलंच नव्हतं. तिला आपण फोटो दाखवला होता. आणि अशा किती आया आपल्या पाठीमागे बसून गेल्या असतील, हा विचार आला तेव्हा वन्समोअरला लाज वाटली. अगदी कानांच्या पाळ्या गरम होईपर्यंत वाटली. रस्ता ओलांडून तो आपल्या दुकानात आला आणि पंखा लावून बसला.

घरी बायकोने विचारलं, "काय झालं परीक्षेचं?" म्हणजे परीक्षेचंही घरात सगळ्यांना माहीत होतं.

"नापास."

"अरे रे. बाई बिचारी."

"बाई नाही," वन्समोअर म्हणाला.

मनाला जरा बरं वाटावं म्हणून त्याने कपाटातून स्वतःच्या लग्नाचा अल्बम काढला. तिथे तरी आपण कुणाच्या आड आलो नसणार. आड आला नव्हता, हे खरं. पण एका फोटोत तो फ्लॅशकडे बोट दाखवत होता, दुसऱ्यात फोटोग्राफरला हाताने मागे सरकवत होता आणि तिसऱ्यात कपाळाला आठ्या घालून छताकडे, म्हणजे दिव्याकडे, बघत होता. शेजारी बायको होती. तरुण, नटलेली, आणि प्रत्येक फोटोत त्याच्याकडे बघत असलेली.

"मी तेव्हाच ओळखलं होतं," बायको त्याच्या खांद्यावरून वाकून म्हणाली.

"काय?"

"की लग्न लागल्या लागल्या हा माणूस विचारणार, 'कसं आलं?'"

"विचारलं होतं मी?"

"हो. फोटोग्राफरला." ती हसली आणि भाजी चिरायला निघून गेली. पण दारात थांबून म्हणाली, "तिचं लग्न मला नीट बघायचंय हो. एवढंच म्हणत होते मी."

दुसऱ्या दिवशी वन्समोअरने रस्ता एका दमात ओलांडला. दार ढकलून तो उभ्या उभ्याच म्हणाला, "दुसरा फोटोग्राफर नकोय आम्हाला."

समोरचीचा चेहरा जरा पडला. "बरं, काका."

"पहिला हवाय. तुम्ही काढायचे. मी बापाच्या खुर्चीत बसणार आहे."

ती म्हणाली, "एवढ्या लग्नाला मी एकटी? बरोबर आणखी कुणी घेऊ का? पुढून एक आणि मागून एक असलं की बरं पडतं."

"अजिबात नाही," वन्समोअर ताठ होऊन म्हणाला. "एका लग्नात एकच फोटोग्राफर. हे माझं तत्त्व आहे." सगळंच सोडून द्यायचं म्हणजे माणसाला जड जातं. काहीतरी हातात राहायला हवं म्हणून त्याने तत्त्व ठेवलं.

लग्नाच्या दिवशी कॅमेरा घरी कपाटात होता आणि कपाटाची किल्ली बायकोच्या पर्समध्ये. वन्समोअर नव्या शर्टात हॉलच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याला मानेवर काही नसल्याने तोल गेल्यासारखं वाटत होतं. हात खिशात घातले तर बटाटे ठेवल्यासारखे दिसत होते. मागे बांधले तर शाळा तपासणारा साहेब वाटत होता. शेवटी त्याने पाण्याची एक बाटली पकडली आणि ती सोडलीच नाही. पाहुण्यांचं स्वागतही त्याने बाटलीसकट केलं.

डोळ्याचा घोटाळा वेगळाच. कुणी समोर आलं की सवयीने त्याचा डावा डोळा मिटायचा. विहीणबाई आल्या तेव्हाही मिटला, करकचून. विहीणबाई दचकल्या, पदर नव्हता म्हणून पर्स छातीशी धरून त्या नवऱ्याच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर अख्खा वेळ त्या व्याह्यांकडे संशयाने बघत होत्या.

"दोन्ही डोळे उघडे ठेवा हो," बायको दात न उघडता म्हणाली. "सोयरीक मोडायची."

दोघं पहिल्या रांगेत बसली. समोरची मागे होती. तिला मागेच आवडायचं, आणि तिथे उभं राहायला पहिल्यांदा सांगणारा तोच होता. मुलगी आणि जावई टेबलाजवळ येऊन उभे राहिले. जावयाने खिशातून अंगठी काढली. हॉल शांत झाला. इथे आता स्टूल सरकल्याचा आवाज यायचा, असं वन्समोअरच्या मनात आलं.

मुलीच्याही मनात तेच आलं असावं. तिने मान वर केली, हनुवटी किंचित डावीकडे वळवली, ते शिकवलेलं हसू तोंडावर आणलं आणि मधोमध, जरा उंचावर, बघितलं. जन्मभर तिथेच बाप असायचा.

तिथे कुणीच नव्हतं.

हसू तसंच अर्धवट राहिलं. तिची नजर खुर्च्यांवरून फिरली, घाबरल्यासारखी, या रांगेतून त्या रांगेत. मग ती पहिल्या रांगेवर आली आणि बाप सापडला. हातात पाण्याची बाटली, दोन्ही डोळे उघडे.

शिकवलेलं हसू गळून पडलं. हनुवटी सरळ झाली आणि थरथरायला लागली. ओठ वाकडे झाले, आणि त्या वाकड्या ओठांनीच ती हसायला लागली, डोळ्यांतलं पाणी न पुसता. अशी ती दिसते हे वन्समोअरला ठाऊकच नव्हतं. त्याच्या दुकानात तिच्या फोटोंचे खोके भरले होते आणि त्यातल्या एकातही हा चेहरा नव्हता. कॅमेरा दिसला की तो जायचा कुठेतरी, आणि कॅमेरा तर कायम होता. इतकी वर्षं ही अशी होती आणि आपण तिला हनुवटी वळवायला सांगत होतो.

तो कधी उठून उभा राहिला ते त्याला कळलं नाही. उभं राहिल्यावर मात्र एकदम आठवण झाली. आपली पाठ! त्याने बाटली खुर्चीवर टाकली, शेजारी हात घालून बायकोला दंडाला धरून उठवलं आणि आपल्या बाजूला जागा करून म्हणाला, "ये. इथून दिसेल." मागून कुणीतरी "बसा हो खाली" म्हणून ओरडलं. दोघंही बसली नाहीत. अंगठी पेरावर अडकली, जावयाने कान लाल करून ती पुढे ढकलली, आणि गेली. टाळ्या वाजल्या. बायकोने डोळ्यांना रुमाल लावलाच नाही, कारण मध्ये काही आलेलं तिला चाललं नसतं.

टाळ्या संपत नाहीत तोच समोरची गर्दीतून वाट काढत आली. तोंड उतरलं होतं. "काका, चुकलं माझ्याकडून. ती तुमच्याकडे बघत होती ना, तो फोटो नाही मिळाला. मी मागे होते, आणि पुढे पोचेपर्यंत अंगठीही गेली." तिने कॅमेऱ्याचा पडदा पुढे केला.

पडद्यावर दोन पाठी होत्या. एक ऐसपैस, एक लहान. ऐसपैस पाठीचा शर्ट एका बाजूने बाहेर आला होता. दोन्ही खांद्यांच्या मधल्या फटीतून मुलीचा एक कान आणि थोडे केस दिसत होते, आणि वर टक्कल छान चमकत होतं.

"मेकअप फुकट गेला," वन्समोअर म्हणाला.

"मी पहिल्या दिवसापासून सांगत होते," बायको म्हणाली, "दुसरा फोटोग्राफर घेऊ या. पुढे एक असता, तर आला असता की नाही?"

"असता," वन्समोअर म्हणाला. "तत्त्वात बसत नव्हतं."

"अजून वेळ गेलेली नाही," समोरची घाईने म्हणाली. "दोघं तिथेच उभी आहेत. तुम्ही खुर्चीत बसा, तिला परत तुमच्याकडे बघायला सांगते. मी पुढून घेते. मिनिटाचं काम आहे, काका."

टेबलाजवळून मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. बाप, आई आणि फोटोग्राफर एका पडद्यावर वाकलेत म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती त्याच घरात वाढली होती. तिने मुकाट्याने बोटातली अंगठी फिरवून पेरापर्यंत आणली आणि तिथूनच हाक मारली, "काय बाबा? वन्स मोअर?"

ओळखीची माणसं हसली. सगळे त्याच्याकडे बघू लागले. वन्समोअरला तो चेहरा पुन्हा एकदा बघायचा होता, फार बघायचा होता.

"नाही," तो म्हणाला, आणि तिला ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने म्हणाला, "नाही गं! घाल ती नीट. झालंय."

मुलीने अंगठी आत सरकवली. बायकोने मागून त्याचा शर्ट पँटमध्ये खोचला.